बूस्ट कमी, जास्त की डळमळीत? वेस्टगेट आणि बूस्ट कंट्रोलरचा दोष शोधण्याचा क्रम

बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब, मनासारखा येत नाही म्हटलं की पहिला हात कंट्रोलरच्या नॉबकडे जातो. नॉब फिरवून दोष थोडा झाकला जातो, आठवड्याने तोच दोष पुन्हा वर येतो आणि तोपर्यंत मूळ सेटिंग काय होतं हेही कुणाला आठवत नाही.

कंट्रोलर बूस्ट तयार करत नाही, हे आधी पक्कं धरा. टर्बोच्या कॉम्प्रेसरमधून निघालेला दाब एका बारीक नळीने वेस्टगेटच्या (एक्झॉस्टला बाजूची वाट देणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरपर्यंत जातो, आतल्या पडद्याला ढकलतो, स्प्रिंग दबते, रॉड पुढे सरकतो आणि फ्लॅप उघडतो. एक्झॉस्टचा काही भाग टर्बो फिरवणाऱ्या टर्बाइनला वळसा घालून निघून जातो आणि बूस्ट तिथेच थांबतो. कंट्रोलर या नळीतला दाब अडवतो किंवा थोडा बाहेर सोडतो, म्हणजे ॲक्च्युएटरला खरा दाब कळू देत नाही. त्यामुळे स्प्रिंगच्या दाबाखाली बूस्ट नेणं कोणत्याही कंट्रोलरला शक्य नाही, तो फक्त वाढवू शकतो. जवळजवळ सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

लक्षणं

नुसतं ‘पिकअप नाही’ म्हणून भागत नाही. बूस्टचा आलेख कोणत्या आकाराचा दिसतो, त्यावर तपासणीची दिशा ठरते.

बूस्ट चढतच नाही किंवा फार उशिरा चढतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी जड वाटते, कधी शिट्टी किंवा फुसफुस ऐकू येते. स्कॅनरवर बहुतेकदा पी 0299 हा कोड दिसतो.

बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर जातो आणि इंजिन अचानक कापल्यासारखा झटका देतं. ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) इंधन तोडलं किंवा थ्रॉटल मिटवला, त्याचा हा झटका असतो. कोड पी 0234, आणि मग गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद मुद्दाम कमी ठेवणाऱ्या अवस्थेत.

सुरुवातीला टोक मारतो, मग जागेवर येतो. लक्ष्य 1.0 बारचं असताना क्षणभर 1.3 दिसतो आणि खाली बसतो.

आरपीएम वाढेल तसा बूस्टही सरकत वाढत जातो. 3500 ला 0.7 बार, 6000 ला 1.0. याला क्रीप म्हणतात. आधी सांगितलेल्या, सुरुवातीला टोक मारण्याच्या दोषाशी याची गल्लत होऊ देऊ नका, कारण दोघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

वरच्या आरपीएमला बूस्ट गळतो. मधल्या टप्प्यात 1.0 बार, शेवटी 0.7.

शेवटचं लक्षण, बूस्ट लक्ष्याभोवती डोलत राहतो आणि गाडी पुढे-मागे हिसके देते.

याशिवाय पाय काढल्यावर किंवा आयडलला टर्बोच्या बाजूने पत्र्यासारखी खडखड येत असेल तर ती वेगळी लिहून ठेवा. ती फ्लॅपची असण्याची शक्यता बरीच.

कोड दिशा दाखवतो, निकाल देत नाही. पी 0299 पाहून टर्बो बदलला आणि दोष एका फाटक्या होसचा निघाला, असं फार होतं.

तपासणीच्या आधी एक नोंद

तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण 2000 आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या मर्यादेच्या थोडं आधीपर्यंत एक लॉग घ्या. हे काम डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवरच करावं, चालत्या रस्त्यावर नाही. लॉगमध्ये आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, थ्रॉटलची खरी उघडझाप, सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या कंट्रोलरच्या झडपेची) ड्यूटी, म्हणजे ती किती टक्के वेळ चालू असते, आणि हवा-इंधनाचं प्रमाण हवं.

थ्रॉटलचा रकाना विसरू नका. आजच्या बऱ्याच ईसीयू टॉर्कची मर्यादा आली की स्वतःच थ्रॉटल मिटवतात. पाय पूर्ण दाबलेला, थ्रॉटल मात्र 60 टक्क्यांवर, असं दिसलं तर मॅनिफोल्डमधला दाब पडणारच. वेस्टगेट निर्दोष आहे, प्रश्न कॅलिब्रेशनचा आहे.

1. गेज आणि सेन्सर खरं बोलतात का?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. इंजिन बंद, इग्निशन चालू. बूस्ट गेजचा काटा शून्यावर हवा. मॅप सेन्सरने, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने, बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला सुमारे 101 किलोपास्कल. 1500 मीटर उंचीवर तोच आकडा 85 च्या आसपास येतो आणि ते बरोबर आहे.

गेज आणि सेन्सर वेगळ्या भाषेत बोलतात, हेही लक्षात असू द्या. गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते सांगतो, मॅप सेन्सर निर्वातापासूनचा पूर्ण दाब सांगतो. 1 बार म्हणजे 100 किलोपास्कल, म्हणजे साधारण 14.5 पीएसआय. समुद्रसपाटीला सेन्सर 200 दाखवत असेल तर बूस्ट 1 बार आहे, 2 नाही. ही गल्लत करून लोकांनी चांगल्या गाड्यांचा बूस्ट उतरवून ठेवलेला असतो.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे. ॲक्च्युएटरची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते, म्हणून डोंगरावरही गेज तोच बूस्ट दाखवतो, पण इंजिनला मिळणारी एकूण हवा कमी असते. तिथे गाडी जड वाटली तर लगेच बिघाड समजू नका.

लॉगमध्ये दाबाची रेघ एका आकड्यावर पोचून शाईने ओढल्यासारखी सपाट झाली तर सेन्सरची मर्यादा संपलेली असू शकते. 2 बारचा मॅप सेन्सर 1 बार बूस्टच्या पुढे काही पाहूच शकत नाही. खरा बूस्ट त्याच्या वर असेल आणि ईसीयूला त्याचा पत्ताही नसेल. असं दिसलं तर बूस्ट वाढवणं तिथेच थांबवा.

2. डोळे, हात आणि एक टॉर्च

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. एअर फिल्टर काजळला आहे का पाहा. मग कॉम्प्रेसरपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि तिथून थ्रॉटलपर्यंत प्रत्येक रबरी होस हाताने पिळून बघा. भेग बहुतेक वेळा खालच्या बाजूला, वळणाच्या आत असते आणि दाब आला की मगच तोंड उघडते. क्लॅम्पजवळ तेलाचा ओला, धूळ चिकटलेला डाग दिसला तर हवा तिथूनच निघते आहे. टर्बोच्या हवेत थोडी तेलाची वाफ असतेच, ती गळतीच्या जागी खूण ठेवून जाते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या सांध्यावर काळे झोत दिसले, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येऊन गरम झाल्यावर बंद झाला, तर टर्बाइनपर्यंत पोचायच्या आधीच गॅस गळतो आहे. अशा गाडीत बूस्ट उशिरा येणार.

3. सिग्नलची बारीक नळी

सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत जास्त वेळा दोषी. ही नळी कडक झाली, तडकली, गरम भागाला टेकून वितळली किंवा निसटली, तर ॲक्च्युएटरला दाब कळतच नाही, फ्लॅप बंद राहतो आणि बूस्ट सरळ वर जातो. नळी तुटली तर बूस्ट कमी होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. दाबावर चालणाऱ्या ॲक्च्युएटरमध्ये नेमकं उलटं होतं.

नळीची दोन्ही टोकं काढा. टोकं ताठ झाली असतील तर कापून चालवू नका, पूर्ण नळी बदला. व्हॅक्यूमसाठीची पातळ सिलिकॉन नळी दाबाखाली फुगते आणि सिग्नल उशिरा पोचतो, त्यामुळे जाड भिंतीची घ्या. दोन्ही टोकांना छोटा क्लॅम्प लावा. नळी जितकी आखूड तितका प्रतिसाद चटकन. सुरुवातीच्या टोकाचं एक मोठं कारण म्हणजे बॉनेटभर फिरवलेली लांबलचक नळी.

सिग्नल कुठून घेतला आहे? कॉम्प्रेसरच्या घरावरच्या (बाहेरच्या कवचावरच्या) निप्पलवरून किंवा त्याच्या लगेच पुढच्या पायपावरून घ्यावा. थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डवरून घेतला तर आयडलला पडद्यावर व्हॅक्यूमची ओढ बसते आणि नळीही लांबते. या नळीला टी जोड लावून बूस्ट गेज किंवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर जादा दाब सोडणारा) जोडलेला दिसला तर आधी तो काढा. प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक जागा.

4. कंट्रोलर बाजूला ठेवा, गाडी स्प्रिंगवर चालवा

या तपासणीला दहा मिनिटं लागतात आणि अर्धा संशय इथेच मिटतो. कंट्रोलर किंवा सोलेनॉइड पूर्ण वगळा. कॉम्प्रेसरच्या निप्पलपासून ॲक्च्युएटरपर्यंत एक सरळ नळी लावा. वेस्टगेट बाहेरचा, म्हणजे टर्बोपासून वेगळा बसवलेला असेल तर ही नळी खालच्या म्हणजे बाजूच्या पोर्टला जोडा आणि वरचा पोर्ट हवेला उघडा ठेवा. आता पुन्हा तोच लॉग घ्या. पाय हळूहळू वाढवा आणि बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यापलीकडे जाऊ लागला तर लगेच सोडा.

बूस्ट स्प्रिंगच्या दाबाच्या आसपास येऊन शेवटपर्यंत स्थिर राहिला, तर टर्बो, फ्लॅप, पडदा, स्प्रिंग आणि पाइप सगळे ठीक आहेत. दोष कंट्रोलरमध्ये, त्याच्या जोडणीत किंवा सेटिंगमध्ये. सरळ सातव्या तपासणीवर जा.

बूस्ट स्प्रिंगपेक्षाही बराच कमी आला तर गळती, कमी प्रीलोड (रॉडला आधीच दिलेला ताण) किंवा उघडा अडकलेला फ्लॅप. स्प्रिंगवरही बूस्ट आरपीएमबरोबर चढत गेला तर तो क्रीप आहे आणि जगातला कोणताही कंट्रोलर तो बरा करू शकत नाही. अजिबात न थांबता वर गेला तर फ्लॅप बंद अडकलेला आहे किंवा पडदा फाटलेला आहे.

आकडा तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नको. ॲक्च्युएटरला कॉम्प्रेसरमधून हवा बाहेर पडते तिथला दाब मिळतो, गेज मॅनिफोल्डमध्ये. मधल्या इंटरकूलर आणि पायपांत थोडा दाब खर्च होतो. शिवाय एक्झॉस्ट गॅस स्वतःही फ्लॅपला ढकलत असतो. म्हणून 0.5 बारच्या स्प्रिंगवर गेज 0.4 किंवा 0.45 दाखवत असेल तर डोकं खाजवत बसू नका. 0.2 दाखवत असेल तर मात्र पुढे चला.

5. दाब देऊन गळती शोधणं

टर्बोच्या तोंडाला, म्हणजे एअर फिल्टर आणि मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) काढून त्या जागी, झाकण बसवा. त्यावर एअर व्हॉल्व्ह आणि मागे रेग्युलेटर हवाच. आधी 0.3 बार द्या, कान द्या, मग हळूहळू गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या जवळ न्या, पण 1 बारच्या पुढे नको. थ्रॉटल उघडा धरला नाही तर तपासणी थ्रॉटलपर्यंतच होते, हे विसरू नका. जोडांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे दिसतील.

क्रँककेसच्या श्वासनळ्या आधी बंद करा आणि तेलाचं झाकण सैल ठेवा. नाहीतर दाब क्रँककेसमध्ये शिरून तेलाचे सील बाहेर ढकलतो आणि गळती शोधायला बसलेला माणूस नवी गळती करून उठतो. झाकणासमोर उभं राहू नका, ते सुटलं तर गोळीसारखं येतं. चष्मा लावा. इंजिनच्या आतून येणारी हलकी फुसफुस नेहमीची असते, एखादा व्हॉल्व्ह उघडा असतोच.

याच वेळी ब्लो-ऑफ किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह तपासा. हातपंपाने त्याच्या निप्पलवर व्हॅक्यूम द्या. पिस्टन किंवा पडदा हलायला हवा आणि व्हॅक्यूम टिकायला हवा. काटा लगेच पडला तर पडदा फाटला आहे, आणि बूस्टच्या वेळी हवा तिथून परत आत जाते आहे.

मास सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत गळती झाली की सेन्सरने मोजलेली हवा इंजिनपर्यंत पोचत नाही आणि मिश्रण गडद होतं, म्हणजे त्यात इंधन जास्त होतं, काळा धूर दिसतो. मॅप सेन्सरवरच्या गाडीत मिश्रण बिघडत नाही, टर्बो फक्त जास्त जोराने फिरून भरपाई करतो. म्हणून तिथे गळती महिनोन्महिने लपते आणि शेवटी टर्बोच जातो.

6. ॲक्च्युएटर आणि प्रीलोड

टर्बो पूर्ण थंड होऊ द्या, तासभर तरी. हातपंप आणि गेज ॲक्च्युएटरला जोडा. गॅरेजच्या एअर कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरशिवाय देऊ नका, पडदा एका झटक्यात फाटतो. दाब हळूहळू वाढवा. रॉड कोणत्या दाबाला हलायला लागतो आणि पूर्ण कधी सरकतो, दोन्ही आकडे लिहा. मग दाब धरून एक मिनिट थांबा. काटा खाली आला तर पडदा गळतो. रॉड मध्येच अडकून उडी मारत असेल तर ॲक्च्युएटर सुटा करून फ्लॅपचा हात बोटाने हलवून बघा. हात मोकळा फिरत असेल तर दोष ॲक्च्युएटरचा, नाहीतर शाफ्टच्या बुशचा.

आता प्रीलोड. हा विषय जितका साधा दिसतो तितकाच बिघडवला जातो. फ्लॅप पूर्ण बंद धरून रॉडचं टोक पिनजवळ आणा. टोकाचं भोक पिनपर्यंत पोचायला 1 ते 2 मिलिमीटर कमी पडायला हवं, म्हणजे रॉड थोडा ओढूनच पिनवर चढवावा लागेल. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. रॉडचे आटे 1 मिलिमीटर पिचचे असतील तर टोकाचा एक पूर्ण फेरा म्हणजे 1 मिलिमीटर.

प्रीलोड कमी असेल तर फ्लॅप नीट दाबून बसत नाही, गॅस आधीपासूनच निसटतो आणि बूस्ट आळसावून चढतो. प्रीलोड जास्त झाला तर सुरुवातीला गाडी खूष करते, पण स्प्रिंग आधीच दबलेली असल्याने रॉडची चाल अपुरी पडते. फ्लॅप पूर्ण उघडत नाही आणि वर जाऊन क्रीप सुरू होतो. रॉड आखूड करून बूस्ट वाढवणं हा जुना जुगाड आहे. त्याने एक आकडा मिळतो आणि दुसऱ्या टोकाचा ताबा जातो. जास्त बूस्ट हवा असेल तर जास्त दाबाची स्प्रिंग घाला.

हात लावण्याआधी लॉकनटवर रंगाची खूण करा आणि फिरवलेले फेरे मोजून लिहा. कारखान्यातून सील करून आलेला रॉड मोजमापाशिवाय हलवू नये.

7. कंट्रोलर

*ब्लीड प्रकारचा हाती कंट्रोलर.* सिग्नलमधली थोडी हवा बाहेर सोडतो. जास्त सोडली की बूस्ट जास्त. तो काम करायला हवा असेल तर सिग्नल येणाऱ्या बाजूला, टी जोडाच्या आधी, बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो, साधारण 1 मिलिमीटरचा. तो नसेल तर जितकी हवा बाहेर सोडाल तितकी मागून भरून येते, आणि नॉब कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. तो टी जोडाच्या पुढे ॲक्च्युएटरच्या बाजूला बसवला तर वेस्टगेटच आळशी होतं. नळी बदलताना हा छोटा पितळी तुकडा जुन्या नळीतच राहून कचऱ्यात जातो. नळी बदलल्यावर बूस्ट बदलला असेल तर आधी कचऱ्याचा डबा बघा.

*बॉल-स्प्रिंग प्रकारचा.* ठरावीक दाब येईपर्यंत गोळी सिग्नल अडवून धरते, म्हणून फ्लॅप शेवटपर्यंत घट्ट बंद राहतो आणि बूस्ट लवकर चढतो. ॲक्च्युएटरच्या बाजूला एक सुईएवढं भोक असतं. ते धुळीने बुजलं तर पाय काढल्यावर दाब ॲक्च्युएटरमध्येच अडकून राहतो, फ्लॅप उघडाच राहतो आणि पुढच्या वेळी बूस्ट उशिरा येतो. ‘पहिल्यांदा छान, गिअर बदलल्यावर ढिला’ अशी तक्रार आली की हे भोक साफ करा. कंट्रोलरवरचा बाण उलट दिशेला ठेवून तो बसवला असेल तर सिग्नल पुढे जातच नाही आणि बूस्ट सुटतो. सेटिंग करताना पाव किंवा अर्धा फेरा, लॉकनट घट्ट, एक लॉग, मग पुढचा फेरा.

*सोलेनॉइड.* वायर काढून रोध मोजा. बऱ्याच सोलेनॉइडची कॉइल 20 ते 30 ओहमच्या आसपास असते, पण आपल्या भागाचा आकडा माहितीपत्रकात पाहून घ्या. अनंत रोध म्हणजे कॉइल तुटली. मग 12 व्होल्ट देऊन टक् आवाज येतो का ऐका. आवाज येणं पुरेसं नाही, तोंडाने फुंकून बघा. वीज नसताना सिग्नलचा पोर्ट आणि ॲक्च्युएटरचा पोर्ट एकमेकांना उघडे हवेत. म्हणजे वायर तुटली तरी गाडी आपोआप स्प्रिंगच्या दाबावर येते. पोर्टांवरचे आकडे वेगवेगळ्या बनावटींत वेगळे असतात, म्हणून आकड्यांवर विसंबून नळ्या लावू नका. फुंकून खात्री करा. उलटी जोडणी झाली तर वीज गेल्याक्षणी बूस्टला आवर राहत नाही. हवेत उघडणाऱ्या तिसऱ्या पोर्टवरचा छोटा फिल्टर तेलाने चिकट झाला असेल तर बूस्ट वाढायला तयार होत नाही.

सेटिंगचा क्रम असा. ड्यूटी 0 ठेवून स्प्रिंगवरचा मूळ आकडा घ्या. मग बंद लूप, म्हणजे ईसीयूची आपोआप दुरुस्ती, बंद ठेवून ठरावीक 20 टक्के ड्यूटी द्या आणि बूस्ट लिहा. तिथून 5-5 टक्क्यांनी वर. प्रत्येक पायरीला लॉग. हे नातं सरळ रेषेत नसतं. अगदी खालच्या आणि अगदी वरच्या ड्यूटीला सोलेनॉइड नीट प्रतिसादच देत नाही, आणि मध्ये कुठेतरी 5 टक्क्यांनी बूस्ट अचानक उसळतो. लक्ष्याच्या जवळ नेणारी ड्यूटी सापडली की मग बंद लूप चालू करा, तोही कमी गेनवर, म्हणजे दुरुस्तीचा जोर कमी ठेवून. गेन जास्त असेल तर बूस्ट डोलतो. गेन ठीक असून टोक येत असेल तर बूस्ट चढत असताना दिलेली ड्यूटी लक्ष्याच्या थोडी आधीच खाली आणा. फ्रिक्वेन्सी बहुतेक ठिकाणी 20 ते 40 हर्ट्झच्या मध्ये ठेवतात. फार वाढवली तर व्हॉल्व्हला उघडायला वेळच मिळत नाही.

8. बाहेरचा वेस्टगेट

खालचा पोर्ट दाब आला की गेट उघडतो, वरचा पोर्ट दाब आला की बंद ठेवतो. सर्वांत धोक्याची चूक एकच आहे: स्प्रिंगवर चालवताना वरच्या पोर्टला टोपी लावणं. पडद्याच्या वर हवा कोंडते, ती स्प्रिंगसारखी विरोध करते आणि गेट पुरेसा उघडत नाही. वरचा पोर्ट वापरात नसेल तर तो हवेला उघडाच हवा.

तीन पोर्टच्या सोलेनॉइडवर स्प्रिंगच्या दुपटीच्या आसपास बूस्ट नेता येतो, हा कामचलाऊ हिशोब. 1.2 बार हवा असेल तर 0.6 ते 0.7 बारची स्प्रिंग घ्या. 0.3 च्या स्प्रिंगवर तो गाठायला गेलात तर एक्झॉस्टचा दाबच गेट ढकलून उघडतो. स्प्रिंग बदलताना झाकण ताणाखाली असतं. समोरासमोरचे दोन लांब बोल्ट लावून समान सोडत न्या.

9. क्रीप, फ्लॅप आणि भेगा

इथून पुढे एक्झॉस्ट खोलावा लागतो. क्रीप म्हणजे वळसा घालून जाणाऱ्या गॅसला पुरेशी वाट नाही. मोठा, मोकळा सायलेन्सर बसवल्यानंतर तो सुरू झाला असेल तर कारण सरळ आहे. टर्बाइनच्या मागचा दाब कमी झाला, टर्बाइनच्या दोन्ही बाजूंच्या दाबातलं अंतर वाढलं, आणि छोट्या भोकाच्या अंतर्गत वेस्टगेटला उरलेला गॅस झेपेनासा झाला. भोक मोठं करणं, फ्लॅप मोठा बसवणं किंवा बाहेरचा वेस्टगेट लावणं हे उपाय. बाहेरचा वेस्टगेट असूनही क्रीप असेल तर तो मॅनिफोल्डला कुठे जोडला आहे ते बघा. गॅसला मागे वळून गेटकडे जावं लागत असेल तर तो वळत नाही, सरळ टर्बाइनमध्ये जातो.

फ्लॅप शाफ्टवर थोडा हलणं बनावटीतच असतं, बैठकीवर नीट टेकायला तो मोकळा लागतो. शाफ्टच बुशमध्ये वर-खाली खेळत असेल तर खडखड आणि गळती दोन्ही येणार. बैठकीजवळच्या केसासारख्या भेगा तापलेल्या टर्बोंत दिसतात. बैठक तुटली असेल किंवा भेग बाहेरच्या भिंतीपर्यंत आली असेल तर ते घर बदलायचं.

10. वर जाऊन गळणारा बूस्ट

स्प्रिंग कमजोर असेल तर वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट फ्लॅप उघडतो. ड्यूटी वर वाढवत नेऊन पाहा. बूस्ट सावरला तर स्प्रिंग किंवा सेटिंग. 90 टक्क्यांवरही सावरत नसेल तर टर्बोच दमला आहे, किंवा वाट तुंबली आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावा. 2500 आरपीएमला, भार नसताना, 0.2 बारच्या वर जाऊ नये. छोट्या टर्बोकडून वरच्या आरपीएमला मोठा बूस्ट मागू नये. तो हवा दाबण्यापेक्षा तापवतोच जास्त.

11. टर्बो

शेवटी टर्बो. इनटेक काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, कारण तेलाचा थर नसताना तो तसाच वाटतो. आत-बाहेर खेळ हाताला जाणवू नये. चाकाची पाती घराला घासल्याची चमक किंवा तुटलेली टोकं दिसली तर टर्बो संपला.

डिझेल गाडीत फिरत्या पात्यांचा टर्बो (टर्बाइनकडे जाणाऱ्या गॅसची वाट बदलणारी पाती असलेला) असेल तर सहसा वेस्टगेटच नसतो. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर हातपंपाने रॉड अखंड, न अडखळता सरकतो का बघा. अडखळत असेल तर पात्यांवर काजळी बसलेली असते. तिथे नळी निसटली की बूस्ट पडतो, वर सांगितलेल्याच्या उलट.

कुठे थांबायचं

बूस्ट स्प्रिंगवरही आवरत नसेल तर गाडी चालवू नका, ओढून न्या.

पूर्ण थ्रॉटलला खडखडणारं नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू आलं, किंवा बूस्ट वाढला की मिश्रण पातळ होत गेलं, तर त्या क्षणी पाय काढा. इंधन आणि इग्निशनची सेटिंग न करता बूस्ट वाढवण्याची मर्यादा तिथे संपते. पुढचं काम डायनो असलेल्या ट्यूनरचं. पंप आणि इंजेक्टर पुरतात का, हे तो मोजून सांगेल.

इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर असेल तर रॉडला हात लावू नका. त्यात जागा सांगणारा सेन्सर असतो. रॉड हलवला की स्कॅनरवर ठरलेलं व्होल्टेज बघून पुन्हा शिकवावं लागतं, पान्याने अंदाजे बसवून चालत नाही.

निळा धूर, इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल किंवा तुटलेली पाती दिसली तर इंजिन पुन्हा सुरूच करू नका. डिझेल इंजिन ते तेल इंधन म्हणून ओढून चावी बंद केल्यावरही पळत सुटू शकतं. टर्बो कारागिराकडे द्या आणि त्याच्याकडून तेलाची येणारी-जाणारी वाहिनीही तपासून घ्या. ती तुंबलेली असेल तर नवा टर्बोही तसाच जाईल.

फ्लॅपचं वेल्डिंग, घरातली भेग आणि भोक मोठं करणं ही कामं टर्बो उतरवून, बेंचवर, ज्याच्याकडे त्याची साधनं आहेत त्यानेच करायची.